खव्याच्या भट्टीवरचा फासा

मी बोलतोय, वीस बाजूंचा निळा फासा. लुडोतला सहा बाजूंचा फासा तुम्ही पाहिला असेल, तो माझा लांबचा भाऊ. मी असतो मोठ्या बोराएवढा. पहिल्यांदा बघणारा मला हातात घेतो, फिरवतो आणि हमखास विचारतो, "हे काय आहे?" त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे सगळी हकिकतच सांगावी लागते. बसा जरा.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. गरम रस साच्यात पडला, थंड झाला, आणि कुणीतरी माझ्या वीस अंगांवर पांढऱ्या रंगानं आकडे भरले. पुढं पुण्यातल्या एका दुकानातून दिग्विजयनं मला विकत घेतलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, एका कंपनीत नोकरीला. मूळ गाव ईट, भूम तालुका. गावाचं नाव सांगितलं की पुण्यातली पोरं विचारायची, "येताना खवा आणणार ना?"

दर रविवारी दुपारी त्याच्या खोलीवर चार मित्र जमायचे. उमाशंकर नावाचा मित्र गोष्ट सांगायचा. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. दिग्विजय व्हायचा हैबती, डोंगरातला वाटाड्या. उमाशंकर म्हणायचा, "समोर दरी आहे. पूल कुजलाय. हैबती, तू काय करतोस?" दिग्विजय म्हणायचा, "उडी मारतो." उडी जमली की नाही ते मी सांगायचं. वीस पडले की पोरं खुर्चीवरून उठून ओरडायची. एक पडला की शांतता. एका साध्या टेबलावर मी किती जणांना वाचवलं आणि किती जणांना बुडवलं, त्याला गणती नाही.

माझ्या मालकाला या विषयावर बोलायला लावलं की संपलं. "मोबाईलवरचे गेम मला आवडतात," तो म्हणायचा, "पण तिथं हजार दारं दिसली तरी बनवणाऱ्यानं ठरवलीत तेवढीच उघडतात. बाकीची नुसती रंगवलेली." चित्रकथांची त्याच्याकडं एक पेटी भरून होती. त्या पटापटा उलटणाऱ्याचा त्याला राग यायचा. "दोन चौकटींच्या मधी पांढरी पट्टी असती ना, तिथं थांबावं माणसानं. एका चौकटीत कुऱ्हाड वर, दुसरीत माणूस खाली. मधी मारलं कुणी? वाचणाऱ्यानं!" आणि आमच्या खेळाबद्दल तो म्हणायचा, "यात भिंतसुद्धा फोडता येते. फक्त चार माणसं एका वेळी मोकळी पाहिजेत. राक्षसापेक्षा ते अवघड आहे."

हे तो हसत म्हणायचा. पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणाला माहीत होतं?

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी फोन आला. दिग्विजयचा थोरला भाऊ रणधीर मोटारसायकलवरून येताना अपघातात गेला. दिग्विजय होता त्या कपड्यांवर निघाला. मी आदल्या दिवसापासून त्याच्या पॅन्टच्या खिशातच होतो, म्हणून मीही निघालो. माझ्याबरोबर एकाच डबीत विकत आलेली सहा भावंडं, कमी-जास्त बाजूंचे फासे, पुण्यातच राहिली.

तेरा दिवसांसाठी आलो होतो आम्ही.

पण घरची खव्याची भट्टी होती, ती रणधीर चालवायचा. सकाळी सहाला दूध येतं, दुपारी चारला परत येतं. म्हशीला कुणाच्या घरी सुतक आहे ते कळत नाही. वडील आण्णासाहेबांचे गुडघे गेलेले. तिसऱ्या दिवशीच दिग्विजयनं लांब दांड्याचं उलथणं हातात घेतलं. कढईत दूध पडलं की हात थांबवता येत नाही, थांबवला की बुडाला लागतं. चौदाव्या दिवशी तो पुण्याला निघणार होता. चौदाव्या दिवशीही सहाला दूध आलं.

रविवारी दुपारी तो फोन लावून मित्रांबरोबर खेळायचा प्रयत्न करायचा. एका हातात फोन, खिशात मी. "तू काय करतोस?" तिकडून आवाज यायचा आणि रेंज जायची. परत लागेपर्यंत उत्तर शिळं झालेलं. शेवटी उमाशंकर म्हणाला, "हैबतीला आपण दरीच्या काठावर उभा ठेवू. तू ये, मग पुढं."

हैबती आठ महिने काठावर उभा राहिला. मग एक दिवस निरोप आला. दिग्विजयनं तो दोनदा मोठ्यानं वाचला, म्हणून मला पाठ आहे. "आज गोष्ट संपवली रे. रागावू नको, सगळ्यांची लग्नं, बदल्या. हैबतीनं काठावर उभं राहून दोर धरला आणि बाकीचे पलीकडं गेले."

त्यानं फोन ठेवला आणि कढई ढवळायला घेतली. घाम पुसायला वाकला तेव्हा वरच्या खिशातून मी निसटलो आणि थेट उकळत्या दुधात पडलो.

त्या कढईतलं काय सांगू! मी बुडाला टेकलो आणि माझा एक कोपरा वितळला. दूध आटत गेलं, घट्ट होत गेलं, आणि मी खव्यात रुतून बसलो. हलता येईना. आण्णासाहेब खव्याचा गोळा चाचपून बघत होते, त्यांच्या बोटाला मी लागलो.

"हे काय हाय?" ते ओरडले. "गिऱ्हाइकाच्या तोंडात गेलं असतं म्हंजे? बत्तीस वर्सांचं नाव हाय भट्टीचं! लहान हाईस का रं तू अजून?"

दिग्विजय मान खाली घालून उभा. आण्णासाहेबांनी मला बाहेरच्या राखेच्या ढिगात भिरकावलं.

राखेत मी पाच-सहा दिवस होतो. वरून रोज नवी राख पडायची. तिथून मला काढलं ते रणधीरच्या बायकोनं, शिवकन्यानं. भांडी घासायला राख घेत होती. तिनं मला धुतलं, पदरानं पुसलं आणि दुपारी भट्टी निवल्यावर दिराला विचारलं.

"भावजी, ह्यो खडा तुमचा का?"

"व्हय वहिनी. टाकून द्या. कोपरा गेलाय त्याचा, आता खरा पडणार न्हाय."

"पडून करतो काय पण ह्यो?"

सांगितलं तर समजणार नाही, म्हणून त्यानं खेळूनच दाखवलं. सकाळचा खवा निघाल्यापासून दुपारचं दूध येईपर्यंत दोन-अडीच तास मोकळे असायचे. दुधाचा रिकामा कॅन पालथा घालून टेबल झालं. दिग्विजयची आई दगडाबाई शेंगा फोडत जवळच बसल्या होत्या, त्यांनाही ओढलं. दिग्विजयनं गोष्ट सुरू केली. जंगल, पडका किल्ला, दारात राक्षस.

"आई, राक्षस तुझ्याकडं यायलाय. तू काय करतीस?"

"जेवलाय का ते इचारते की."

"आई, त्यो राक्षस हाय!"

"मग? राक्षसाला भूक न्हाय व्हय? दे त्याला भाकर."

दिग्विजयनं कपाळाला हात लावला, पण मला टाकलं. अठरा पडले. राक्षस भाकरी खाऊन झोपला. ईटला आल्यापासून पहिल्यांदा मी त्या घरात कुणाला हसताना ऐकलं.

शिवकन्याचं मात्र वेगळं झालं. "वहिनी, तुम्ही काय करता?" असं विचारल्यावर तिनं दिग्विजयकडं बघितलं, सासूकडं बघितलं. "तुमी सांगाल ते," म्हणाली.

"तसं न्हाय चालत. तुमचं तुम्ही ठरवायचं."

पहिले काही दिवस ती नुसती सासूच्या मागं मागं गेली. मग एकदा म्हणाली, "मी झाडावर चढून बघते." पुढच्या आठवड्यात नदी ओलांडली. माझ्यावर तीन पडले, ती वाहून गेली, तर म्हणाली, "जाऊ द्या, वाहत कुठं जाते ते तरी बघू." दिग्विजय थक्क झाला. इतकं पुण्यातही कुणी त्याला बुचकळ्यात टाकलं नव्हतं. मी तिच्या तळहातात असायचो. तीही भट्टीवर उलथणं फिरवायची, त्याचे घट्टे मला टोचायचे.

असं सहा-सात महिने चाललं. मग एक दिवस जेवताना आण्णासाहेबांनी विषय काढला. भट्टीची खिडकी ओसरीला लागून आहे, मला सगळं ऐकू आलं.

"पाहुण्यांशी बोललोय. गुरुवारी येत्यात. दिग्विजय आन् शिवकन्याचा पाट लावून टाकू. घरची सून घरात ऱ्हाईल, भट्टी बी चालू ऱ्हाईल. जगात काय पहिल्यांदा होतंय का हे?"

मी वाट बघत होतो, माझा मालक बोलेल म्हणून. कुजलेल्या पुलावरून उडी मारणारा हैबती मी पाहिला होता. पण ओसरीवर फक्त ताटात हात धुतल्याचा आवाज आला.

बुधवारी दुपारी तिघं खेळायला बसले. दिग्विजयचं गोष्टीत लक्ष नव्हतं. त्यानं किल्ल्यातली एक खोली सांगितली. म्हातारा किल्लेदार आहे. त्यानं शिवकन्यासमोर किल्ल्यांचा जुडगा धरलाय. म्हणतोय, माझा मुलगा गेला, आता हा किल्ला तूच सांभाळ, कायमची इथंच राहा.

"वहिनी, तुम्ही काय करता?"

शिवकन्यानं मला मुठीत घट्ट धरलं. "भावजी, हे खेळातलं इचारायलाव का घरातलं?"

दिग्विजयची नजर कॅनवरून वर आली नाही. "मला तोंडानं इचारता येईना," तो हळू म्हणाला.

"बरं. मला एक सांगा. न्हाय म्हणायला ह्यो खडा टाकावा लागतो का?"

"न्हाय. जमंल का न्हाय हे कळत नसलं तरच टाकायचा. मनातलं सांगायला टाकायचा नसतो."

तिनं मला कॅनवर अलगद ठेवलं. मी एक अंशही लवंडलो नाही. ती उठली आणि सरळ ओसरीवर गेली.

"मामा, उद्या पाहुण्यांना बोलावू नका. मला हे लगीन करायचं न्हाय."

"आन् मग काय करायचंय?"

"धाराशिवला नर्सिंगला नंबर लागलाय माझा. फॉर्म म्याच भरला होता. एक तारखेला हजर व्हायचंय. तिथंच हॉस्टेल हाय."

"कुणाला इचारून भरला?"

"कुणालाच न्हाय."

आण्णासाहेबांचा आवाज चढला. लोक काय म्हणतील, रणधीरला जाऊन दोन वर्षं नाही झाली, सगळं निघालं. शिवकन्या दाराची चौकट धरून उभी होती. मागून दगडाबाई आल्या. "वरडू नका," त्या म्हणाल्या. "भूमच्या एसटीपतोर कशाला, म्या तिला धाराशिवापतोर नेऊन सोडती. माझ्या पोटची असती तर काय भट्टीला बांधून ठिवली असती?"

आण्णासाहेब दिग्विजयकडं वळले. "आन् तू रं? तुझं काय म्हणणं हाय?"

"मलाबी न्हाय करायचं आण्णा. त्या वहिनी हायत माझ्या." तो थांबला. "आन् मला..."

पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. इतके महिने ते त्याच्या खिशात माझ्याशेजारीच होतं. पण तेवढ्यात बाहेर गाडी वाजली, कॅन उतरू लागले. चार वाजले होते. दिग्विजय लाकडं सारायला भट्टीकडं गेला.

एक तारखेला शिवकन्या गेली. एसटीत बसण्याआधी भट्टीवर आली, मला एकदा हातात घेतलं, परत ठेवलं. आता फोन करते. हॉस्टेलवरच्या तीन पोरींना घेऊन खेळते म्हणे, फासा नाही म्हणून डब्यात वीस चिठ्ठ्या टाकून. गोष्ट ती स्वतःच सांगते.

इथं दुपारी आता दगडाबाई आणि दिग्विजय दोघंच. बऱ्याचदा तो दमून झोपतो आणि मी डब्यात झाकणाखाली पडून असतो. अंधार, दुधाचा वास, दूर कुठंतरी कॅनांचा खडखडाट.

आज दुपारी मात्र आण्णासाहेब भट्टीत आले. गुडघ्यावर हात देत बाजूला टेकले. बराच वेळ आमचा खेळ बघत होते. मग विचारलं, "रणधीर खेळायचा का रं हे?"

दिग्विजयचा हात थांबला. "न्हाय आण्णा. त्याला येळ कुठं होता? भट्टी बघत होता म्हणून तर मी तिकडं खेळत होतो."

दगडाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"जा," आण्णासाहेब म्हणाले. "चार दिवस पुण्याला जाऊन ये. बघतो म्या, कसंबी."

किती दिवस आम्ही या शब्दाची वाट बघितली होती! दिग्विजय मला बोटांत फिरवत राहिला. "आता कुठं जाऊ आण्णा? तिथला खेळ संपला."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग पालथा कॅन स्वतःकडं ओढला. "मग हितला सांग."

दिग्विजयनं त्यांच्याकडं बघितलं. घसा खाकरला. "एक डोंगर हाय. पाऊलवाट पुढं दोन ठिकाणी फुटतीय. धुकं हाय, काय दिसत न्हाय. आण्णा, तुम्ही काय करता?"

मला राखेत भिरकावणाऱ्या त्याच हातात मी आता आहे. बोटं जाड आहेत. चाराला थोडाच वेळ उरलाय. भल्या माणसांनो, तुम्हीही आता बोलू नका. म्हातारा विचार करतोय.