जावईबापूंचा हात

आमच्या घरात कॉम्प्युटर चालवते मी, पण तो बिघडला की त्याला हात लावायचा अधिकार एकट्या जावईबापूंना. ते कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. कंपनीत नेमकं काय करतात हे सात वर्षांत कुणी विचारलं नाही; विचारणं बरं दिसत नाही, असं आमच्या ह्यांचं मत. माझं मत कुणी विचारत नाही, त्यामुळे ते अजून नव्यासारखं आहे.

मी भरतकाम करते, मशीनवर. शाळांचे बिल्ले, हॉटेलांच्या टॉवेलांवरची अक्षरं, बाळांच्या दुपट्यांवरची बदकं, अशी बावीस वर्षांतली सगळी डिझाइनं कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये. मागच्या महिन्यात तो कॉम्प्युटर गेला. डिझाइनं वाचली, पण नव्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम उघडायलाच तयार नाही.

"झालं तेवढं पुरे," हे म्हणाले. "पंधरा दिवसांत काही जमलं तर ठीक, नाहीतर मशीन भंगारात. मागच्या खोलीत जावईबापूंचं ऑफिस करू. बिचाऱ्यांना घरून काम करायला जागा नाही."

मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर चालवायचा. त्यात तुमचा प्रोग्रॅम धावेल." त्याच्या सांगण्यावरून मी तो बसवलाही, पण खोटा कॉम्प्युटर सुरू होईना. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे खोटा कॉम्प्युटर चालवायची सोय, बंद आहे असं पडद्यावर आलं. पुन्हा त्याला फोन.

"ते विंडोजमध्ये नसतं, काकू. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट दाबत राहा, मुळातल्या सेटिंगचा पडदा येईल. तुमच्या प्रोसेसरवर त्याचं नाव एसव्हीएम. ते चालू करा." मी कागदावर लिहून घेतलं.

"खबरदार!" हे ओरडले. "तिथे काही चुकलं तर कॉम्प्युटरचा डबा होईल. जावईबापू बघतील."

म्हणजे ज्याला खोली मिळायची, तोच खोली वाचवणार. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

रविवारी जावईबापू आले. ते पडद्यासमोर, हे शेजारी, मी मागे स्टुलावर. सेटिंगचा पडदा उघडला. जावईबापू वर गेले, खाली गेले, एका यादीतून दुसऱ्या यादीत शिरले. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती ओळ आली. एसव्हीएम मोड, पुढे डिसेबल्ड. मी तोंड उघडलं.

"अगं, मध्ये बोलू नकोस," हे म्हणाले.

जावईबापू त्या ओळीवरून पुढे गेले. मागे आले, परत तिच्यावरूनच गेले. मग खुर्ची सरकवून म्हणाले, "नाही हो बाबा. यात ती सोयच नाही." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इंजिनिअर माणूस, वाचता येत नाही असं थोडंच आहे! पण लेकीचा नवरा पडला, चहा टाकायला उठले.

मंगळवारी हे दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. पहिल्या वेळी पडदा जागा होईपर्यंत विंडोज येऊन बसलंसुद्धा. दुसऱ्या वेळी बटण दाबल्यापासूनच डिलीट ठोकत सुटले. ओळ सापडली. एंटर मारलं, डिसेबल्डचं एनेबल्ड केलं, एफ-टेन दाबलं. बदल ठेवायचा का, असं त्याने विचारलं. हो म्हटलं. पडदा काळा झाला, आणि तेवढ्या वेळात मी ह्यांची सगळी बोलणी मनातल्या मनात ऐकून घेतली.

मग खोटा कॉम्प्युटर उघडला, त्यात माझा प्रोग्रॅम, त्यात माझी बदकं. बदकं बघून कुणी रडतं का? मी रडले.

हे गालात कापसाचा बोळा धरून परत आले तेव्हा मशीन खडखडत होतं. "बघ! जावईबापूंचा हात लागला ना!"

"ते तर सोय नाही म्हणाले होते."

"म्हणाले असतील. पण जाता जाता काहीतरी करून गेले." सांगून ठेवलेल्या भंगारवाल्याला त्यांनी तिथल्या तिथे फोन करून नको सांगितलं. खोली वाचली. मी ठरवलं, कुणी केलं ते रविवारी सांगायचं, सगळ्यांसमोर.

रविवारी दारातच कौतुक सुरू झालं. जावईबापूंचा चेहरा पांढराफटक. ते सरळ मागच्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

"आई, कुठे होतं ते?"

"तुमच्या नाकासमोर."

"मी दोनदा शोधलं हो. व्हर्च्युअलायझेशन असं कुठेच लिहिलेलं नव्हतं."

मी कागद पुढे केला. त्यांनी ती तीन अक्षरं बोट ठेवून वाचली. "मी कंपनीत प्रिंटर विकतो, आई. लग्नात बाबांनी सगळ्यांना इंजिनिअर म्हणून सांगितलं, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. खोली हवी होती, खोटं कशाला बोलू? पण अशी नको होती."

आठवडाभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो चोर नव्हताच. नुसता जावई होता. एवढा साठवलेला राग आता ठेवायचा कुठे?

"बाहेर जाऊन खरं सांगा," मी म्हटलं.

"प्रिंटरचंही?"

"आज नुसतं हे. ह्यांना एका दिवशी एवढंच झेपेल."

गेले बिचारे. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "बाबा, मी काहीच केलेलं नाही. मला ते सापडलंच नव्हतं. सगळं आईंनी केलं."

ह्यांनी चष्मा काढला. मग ह्यांचे डोळे भरून आले. उठून जावयाच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळले. "बघितलंस? याला म्हणतात मोठेपणा! स्वतः केलेलं कामसुद्धा दुसऱ्याच्या नावावर करतात. शिक जरा!"

"बाबा, खरंच..."

"पुरे, पुरे! किती तो विनय!"

जावईबापूंनी माझ्याकडे हताश होऊन बघितलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. मी मागच्या खोलीत आले आणि मशीन पूर्ण वेगात सोडलं. ते चालू असलं की बाहेरचं अक्षरही ऐकू येत नाही.