सांडा काय कामाचा

इकडे आखातात, मुसफ्फ्यात आमच्या यार्डामागे एक सांडा राहायचा. पालीचा थोरला चुलता म्हणा ना! हातभर लांब, काटेरी शेपटी, चेहरा कायम वैतागलेला. नव्या शेडसाठी त्याचं बीळ बुजवणार होते. मी कंपनीची एन्व्हायर्न्मेंट ऑफिसर, त्यामुळे बीळ वाचवायचा फॉर्म माझ्याकडे. त्यात एक रकाना होता: या प्राण्याचा माणसाला उपयोग.

मी लिहिलं, "काही नाही."

"उर्मिला, असं कसं चालेल?" मॅनेजर सुजीत म्हणाला. "क्लायंट विचारणार, मग ठेवायचा कशाला?"

माझं डोकंच फिरलं. अरे, तुझा तरी काय उपयोग आहे? तुला ठेवलाय ना एसीत! हे अर्थात मनात. रागाच्या भरात मी रकान्यात ठोकून दिलं: "याच्या तेलाने सांधेदुखी बरी होते." आमच्या गावच्या बाजारात ताडपत्रीवर बाटल्या मांडून बसणारे वैदू मारायचे, तीच थाप.

दुपारी मंजुरी आली! दुसऱ्या दिवशी बिळाभोवती कुंपण. मी खुशीत सगळ्यांना करक, म्हणजे इथला दाट वेलचीचा चहा पाजला.

मेली माझी अक्कल. फॉर्ममधली गोष्ट यार्डभर झाली. सुजीतनेच सासूबाईंसाठी बाटली मागितली, "थोडंसंच हं." आणि सोमवारी सकाळी बघते तर कुंपण आडवं, बीळ खणलेलं, आणि आमचा शॉवेल ऑपरेटर रफिक बादली घेऊन उभा. बादलीत सांडा.

"रफिक, सोड त्याला!"

"मॅडम, तिकडे दापोलीत अम्मीला जिना चढवत नाही. तुम्हीच तर लिहिलंत."

"खोटं लिहिलं रे मी. काही उपयोग नाही त्याचा."

त्याचा चेहरा पडला. "कालच फोनवर सांगितलं तिला, इलाज मिळाला म्हणून." मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"मग कुंपण तरी कशाला घातलंत?"

"तो इथे राहतो म्हणून. आपल्या आधीपासून."

"एवढंच लिहायचं होतं की मग!" रफिक चिडून म्हणाला आणि त्याने बादली आडवी केली.

मी मदतीला हात पुढे केला. सांड्याने जाता जाता शेपटीचा असा फटका दिला, की रक्तच निघालं. चांगली अद्दल घडली मला.