शहाण्णव टक्के

घरात तिला चिमी म्हणत. वय बत्तीस, इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी, आणि जीभ अशी तिखट की डॉक्टरसुद्धा तिच्याशी जपून बोलत. ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडलं, तेव्हापासून तिनं या विषयाचा धसकाच घेतला होता. पण आई कसली ऐकते! मागे लागून लागून तिनं पोरीला जोड्या जुळवणाऱ्या साइटवर नाव घालायला लावलंच. तिथले ढीगभर प्रश्न बघून चिमीला घेरी आली. तूच भर बाई, मला तुझ्याइतकं कोण ओळखतं, असं म्हणून तिनं फोन आईच्या हातात दिला आणि सरळ झोपून गेली.

आई कपडे उसवून मापात करून देणाऱ्या दुकानात कामाला. तिनं एकेका प्रश्नावर जीव तोडून विचार केला. पुढे गप्पा सुरू झाल्या, त्याही तिनंच चिमीच्या नावानं केल्या. एकदा जेवताना तिनं त्याचं उत्तर वाचून दाखवलं, 'घरात कोणी नसलं तरी आत शिरताना मी आलो गं म्हणतो.' मग आईनं तेच पुन्हा एकदा वाचलं. चिमीचा घास हातातच राहिला. अशा माणसाबरोबर संसार करता येईल, असं तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं. जुळणी शहाण्णव टक्के, असं साइटही सांगत होती. चिमीनं आईला बजावलं, हे फिसकटलं तर पुन्हा लग्नाचं नाव काढायचं नाही.

कॉफीच्या दुकानात भेटला तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. नाकीडोळी नीटस, बोलायला सरळ. पण गाडी काही केल्या पुढे सरकेना. त्याला पहाटे उठून धावण्याच्या शर्यतींचं वेड, हिला सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोप हवी. दोघं आपापल्या कपात बघत बसले. शेवटी चिमीनं विचारलंच, घरात शिरताना आलो गं म्हणायची सवय कधीपासून?

तो गोंधळला. "ते बाबा म्हणतात. आई गेल्यापासून."

मग त्याचे कान लाल झाले. त्याचे कुलूप-किल्लीवाले बाबा दिवसभर दुकानात रिकामे बसायचे, म्हणून त्यानं सगळं त्यांच्याच गळ्यात मारलं होतं. उत्तरंही त्यांची, गप्पाही त्यांच्याच. त्यानंही विचारलं, "आणि ती दुसरी उशी? तुम्ही रोज झटकून ठेवता ती?"

चिमीच्या पायाखालची जमीनच सरकली. दुसरी उशी आईच्या पलंगावर होती. गेलेल्या बाबांची. चिमीला ती रोज दिसत होती, पण ती अजून तिथे का, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

ती तडक घरी आली. डोकं नुसतं भणभणत होतं. मला चांगलंच बनवलंस, असं आईला फाडकन सुनवायचं ठरवून ती स्वयंपाकघरात बसून राहिली. थोड्या वेळानं दार उघडलं.

"आले हो," आई रिकाम्या घराला म्हणाली. चपला काढल्याचा आवाज आला. "पाय नुसते ठणकतायत आज. पोरगी गेलीय भेटायला. तिचं तेवढं जमू दे बघा."

चिमीचं ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. रोज आपण नसताना हे घर असं बोलत होतं, आणि आपल्याला पत्ताही नाही!

"आई," ती आतून म्हणाली.

आई इतकी दचकली की हातातली पिशवी खाली पडली. काय झालं, मोडलं का, हेच तिनं आधी विचारलं. चिमीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि कॉफीच्या दुकानात काय घडलं ते सगळं सांगितलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या हातून तुझं वाटोळं झालं गं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मग पडलेली पिशवी उचलून तिनं हळूच विचारलं, "त्याच्या बाबांना आतून 'या' कोण म्हणतं गं?"

"कोणी नाही," चिमी म्हणाली, आणि फोन आईच्या हातात दिला.