मासळीने भरलेली होडी

माझा दादा हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. त्या दिवशी मासळी इतकी लागली की बोटीतले खण भरले, डेक भरला, तरी याची हाव संपेना. शेवटी, बोट बुडालीच तर जीव वाचवायला म्हणून बाजूला बांधलेली छोटी होडीही त्याने काठोकाठ भरली.

"अरे, युद्ध चालू आहे! होडीची गरज लागली तर?" मी ओरडलो.

"तुझ्या वहिनीसारखी किरकिर नको," तो हसला. "आपल्या डबड्यावर कोण दारूगोळा वाया घालवतंय?"

आमचं जेवण उरकतंय तोच शत्रूची पाणबुडी वर आली. तिच्या तोफेजवळचा माणूस कर्ण्यातून ओरडला, "बोट सोडा!" आणि त्याने पंजा दाखवला. पाच मिनिटं! मेल्यांनो, नुसते मासे उपसायलाच अर्धा तास हवा!

मी, दादा आणि इंजिनवाला टकल्या होडीतले मासे फावड्यांनी समुद्रात लोटू लागलो. मी मध्येच हात हलवून थांबा, थांबा म्हणत होतो. कसले थांबतात! पहिला गोळा केबिनवर फुटला. टकल्याचं फावडं माझ्या पायाशी येऊन पडलं, दांड्याला त्याचा हात तसाच. बाकीचा टकल्या कुठेच नव्हता.

दुसऱ्या गोळ्याने दादाचं पोट फाडलं. मी त्याला अर्ध्या भरलेल्या होडीत ओढलं आणि दोर तोडला. मागे आमची बोट बुडाली. पाणबुडीही निघून गेली, हरामखोर!

होडी इतकी जड, की प्रत्येक लाट आत येत होती. मी दोन्ही हातांनी दादाचं पोट दाबलं. हात काढला की रक्त उसळायचं, मासे टाकले नाहीत तर होडी बुडणार. माझं डोकंच चालेना.

"पोट सोड," दादा म्हणाला. "मासे टाक."

"गप रे! तुझं ऐकून काय झालं, बघितलंस ना? वहिनीला काय तोंड दाखवू मी?"

त्याने माझं मनगट धरून बाजूला केलं. "एवढं ऐक."

मी ऐकलं. रडत, त्याला शिव्या घालत मासे फेकत राहिलो. शेवटचा मासा गेला तेव्हा होडी मस्त हलकी तरंगत होती. दादाचं पोट दाबायला आता माझे दोन्ही हात मोकळे होते. रक्त केव्हाच थांबलं होतं. तरी मी दाबून बसलो.