लंगड्या उंटाची बंद खोली

रियाधच्या उत्तर अंगाला गोऱ्या इंजिनिअरांचं एक कंपाउंड होतं आणि त्या कंपाउंडातल्या सात नंबरच्या बंगल्यात एक पब होता. ज्या मुलखात दारूच्या बाटलीपायी माणूस तुरुंगात जातो, फटके खातो, तिथं पब! पण होता. आत तीन टेबलं, एक पितळी घंटा आणि भिंतीवर लाकडाची पाटी. पाटीवर एक पाय दुमडून उभा असलेला उंट. म्हणून पबाचं नाव 'लंगडा उंट'. तो उंट कोरला होता कंपाउंडच्या सुतारानं, तुकाराम मेस्त्रीनं. पाय दुमडलेला आला, कारण नेमकी तिथं फळीला गाठ होती. गाठीनं खोडी काढली आणि बारशाचा मान मिळवला.

पबाचे मालक बूथसाहेब. पाण्याच्या पाइपलाइनीचे इंजिनिअर, यॉर्कशरचे, वय साठीला टेकलेलं. डब्यातली फसफसणारी थंडगार बिअर म्हणजे त्यांच्या लेखी साबणाचं पाणी. त्यांचा जीव खऱ्या एलवर, म्हणजे जुन्या धाटणीच्या बिअरवर. पिंपातच पिकणारी, वरून गॅस न भरलेली, दांडा हातानं ओढून ग्लासात उतरवलेली. माल्टचे डबे ते सुट्टीवरून येताना आणत, हॉप्सची सुकी फुलं चहाच्या पुड्यांत. "टुका, ही जिवंत असते," ते सांगत. "झोपते, जागी होते, रुसते. घाई केलीस तर गढूळ होऊन बसते."

तुकारामानं एकदाच चाखली होती. पहिल्या घोटाला आजारपणातला काढा आठवला. तिसऱ्याला भाजलेल्या धान्याचा वास आला, खळ्यावरच्या उन्हासारखा. ग्लास संपला तेव्हा त्याला कळलं, की साहेब वेडे नाहीत. पुन्हा मात्र त्यानं ओठाला लावली नाही. गावी बायको भीमाबाई होती आणि तिला खोटं सांगायला त्याला जमत नसे.

साहेबांकडे एक जाड वही होती. चाळीस वर्षं पायी हिंडून हुडकलेले पब त्यात टिपलेले. शुक्रवारी चार पाहुणे जमले, की साहेब पोथी वाचावी तसे ती वाचत. "चांगला पब कसा ओळखायचा? पाटीला भुलू नका. दाराशी कुत्रं निवांत झोपलंय का बघा. पोस्टमन आणि गवंडी कुठल्या कोपऱ्यात बसतात ते बघा. मालकाला विचारा, नळ्या कधी धुतल्या. चिडला तर उठा, वार सांगितला तर बसा."

हे सारं स्वयंपाकघराच्या पायरीवरून कादिर परकार ऐके. तो राजापूरकडचा, कंपाउंडच्या पिकअपचा ड्रायव्हर, तुकारामाचा खोलीसोबती. पाच वक्तांचा नमाजी; गावी असलेल्या बायकोच्या, साबिराच्या पत्राकडं डोळे लावून बसणारा. बंगल्याच्या पबाकडच्या अंगाला त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"मेस्त्री, पकडलास ना, तर ज्याच्या जामिनावर इथं आहेस तो कफील ओळखसुद्धा दाखवायचा नाही."

"मी फक्त लाकूड घडवतो, कादिरभाय."

"हां, हां. हवालदारालाही हेच सांग. मग तो तुला तुरुंगाचं दार घडवायला देईल."

पिंपांची खोली स्वयंपाकघरामागं. तिला खिडकी नव्हती. जमिनीलगत मनगटाएवढं एक भोक होतं, तेही तुकारामानंच पाडलेलं; त्याला नळी जोडून ती गच्चीवर नेलेली. साहेब तेव्हा म्हणाले होते, "वास वर जाऊ दे, रस्त्यावर नको." तुकारामानं तेवढंच ध्यानात ठेवलं. धर्माचा पहारा करणाऱ्या मुतव्वाच्या नाकात वास जाऊ नये म्हणून हे भोक.

मग कुवेत गेलं, उन्हाळा गेला, आणि जानेवारीत लढाई खरोखरच सुरू झाली. मडमा आणि पोरं विमानात बसून निघून गेली. बूथबाई गेल्या. साहेब राहिले. विचारलं तर म्हणत, पाइपलाइन अर्धी टाकून कसा जाऊ? आणि हळूच पुढं जोडत, चार पिंपं आत्ताच चढवलीत, ती तरी अर्धी कशी टाकू?

घरून भीमाबाईची कॅसेट आली. खुशाली सांगता सांगता ती मधेच गायली होती:

*वाळूच्या मुलखात, माझ्या धन्याचा रंधा चाले*
*घरी भुश्यावाचून, माझं अंगण सुनं झाले*

तुकारामानं ती दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा लावायच्या आत हवाई हल्ल्याचा भोंगा झाला.

कंपनीचं परिपत्रक निघालं. विषारी वायूचा धोका आहे. प्रत्येक बंगल्यातली आतली एक खोली बंदिस्त करा. प्लास्टिक लावा, टेप लावा, दाराखाली ओला टॉवेल ठेवा. काम मेंटेनन्सच्या सुताराकडं आलं. तुकारामाचा हात असा, की फट दिसली की बुजवल्यावाचून त्याला चैन पडत नसे. तीन दिवसांत त्यानं अकरा बंगले केले. सात नंबरला साहेब कामावर होते. विचारायचं काय होतं? बिनखिडकीची खोली एकच. त्यानं दाराच्या चौकटीला रबराची पट्टी ठोकली, वरची फट पुटीनं भरली आणि पिंपांमागं वाकून ते भोक चिंध्या कोंबून, प्लॅस्टर फासून मिटवलं. मनात म्हणाला, एका कामात दोन कामं. वायू आत यायचा नाही आणि वास बाहेर जायचा नाही.

"मुंगीला आत जायचं तर अर्ज करावा लागेल," त्यानं कादिरला सांगितलं.

दोन दिवसांनी, मावळतीची, मगरीबची नमाज होऊन गेल्यावर, दोघं पाण्याचे कॅन घेऊन सात नंबरला आले. कॅन ओट्यावर ठेवतात न ठेवतात तोच भोंगा सुरू झाला. साहेबांनी कादिरचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच खोलीकडं नेलं. कादिरनं उंबऱ्याशी एकदा पाय रोवला, पिंपं पाहिली, आणि मग भोंग्याचा सूर चढला तसा गेला.

"तू ये ना!" तो आतून ओरडला.

"येतो. एसी बंद करून आलो." ते तुकारामाचं काम होतं. भोंगा झाला की त्या ओळीतल्या बंगल्यांचा मेन स्विच खाली ओढायचा.

तो परत आला तेव्हा दार आतून टेपनं चिकटलेलं होतं. एकदा चिकटलं की उघडायचं नाही, असं परिपत्रकात होतं. खुंटीवर बूथबाईंचा विषारी वायूसाठीचा मास्क लटकत होता. तुकारामानं तो चढवला, दाराला टेकून बसला. स्वयंपाकघरात अंधार, ओट्यावर त्यानं लावलेली मेणबत्ती तेवढी जळत होती.

"कादिर, आहेस ना?"

"आहे. पिंपांकडं पाठ करून जमिनीवर बसलोय. अल्ला माफ करो."

"साहेब?"

"ते स्टुलावर. मला पबांची नावं सांगतायत. एकाचं नाव म्हणे 'म्हातारी आणि मासा'. मेस्त्री, मरायच्या वेळी माणसाला हे ऐकवतात?"

तुकाराम मास्कच्या आत हसला. तेवढ्यात लांब कुठंतरी धाडकन काही झालं. कपाटातल्या बश्या वाजल्या. 

थोड्या वेळानं कादिरचा आवाज आला, जरा ओढल्यासारखा. "डोकं जड झालंय रे. धाप लागतेय."

"भीतीनं होतं तसं. सगळ्यांना होतं."

"आणि ही इथली मेणबत्ती. वर धरली की जळते, खाली ठेवली की विझते. पुन्हा लावली, पुन्हा विझली. काड्या संपत आल्या."

तुकारामाला विहीर आठवली.

गावाकडं विहीर उपसायची, तर आधी माणूस उतरत नाही. आधी दोराला कंदील बांधून सोडतात. कंदील तळाशी जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर दोर वर ओढायचा, फांद्या आपटून वारा घालायचा, आणि त्या दिवशी कुणी कुणाला शूर म्हणायचं नाही. त्याच्या आजोळी एक चुलतमामा कंदील न सोडता उतरला होता. त्याचं प्रेत वर काढलं तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

"कादिर! उठ! उभा राहा! दार उघड!"

"काय... झालं..."

"साहेब! ओपन! डोर ओपन!"

"नो, टुका." साहेबांची जीभ जड झाली होती. "ऑल क्लिअर... आधी ऑल क्लिअर."

मग आत काहीतरी पडलं. स्टूल असेल. माणूस असेल. तुकारामानं दारावर मुठी मारल्या. 

भोंगा चालूच होता. बाहेरच्या हवेत विष असलं, तर दार फोडणारा तोच त्यांना मारणार होता. आणि नसलं, तर दार न फोडणाराही तोच. त्या दोन गोष्टींच्या मधे तुकाराम मेस्त्री किती वेळ उभा होता कोण जाणे. मग त्यानं पट्टे ओढले, बूथबाईंचा मास्क काढून फेकला आणि छातीभर श्वास घेतला.

कापलेल्या कांद्याचा वास आला. मेणाचा वास आला. तो जिवंत होता.

त्यानं पेटीतून लाकूड तासायचा वाकस काढला. आयुष्यात इतकं चांगलं दार त्यानं पहिल्यांदाच बंदिस्त केलं होतं, आणि ते दार आता त्याला दाद देईना. पहिला घाव निसटला. दुसऱ्यानं ढलपी उडाली. चौथ्याला कडी उखडली. तो शिव्या देत होता, स्वतःच्या हाताला, स्वतःच्या रबराच्या पट्टीला. दार उघडलं तसा आंबूस, उबदार लोट अंगावर आला. श्वास कोंडून तो आत वाकला. कादिर दाराशीच आडवा पडला होता. त्याच्या काखेत हात घालून तुकारामानं त्याला स्वयंपाकघरातून, पायरीवरून, अंगणातल्या वाळूत ओढत आणलं. साहेब मागून भिंत धरत आले आणि दारातच गुडघ्यांवर बसले.

कादिरचे ओठ काळेनिळे झाले होते.

"कादिर. ए कादिरभाय." त्यानं गालावर मारलं. छाती दाबली. "साबिराचं पत्र आलंय रे. माझ्याकडं आहे. उठ, वाचून दाखव." पत्र नव्हतं. तरी तो सांगत राहिला, साबिराचं पत्र, साबिराचं पत्र, छाती दाबत राहिला, दाबत राहिला.

एक उचकी आली. मग खोकला. मग कादिर कुशीवर वळून ओकला, आणि तुकाराम वाळूत मागं बसला.  

साहेबांनी दारातून विचारलं, "गच्चीवरची नळी?"

"भोक मी बुजवलं, साहेब. वास बाहेर जाऊ नये म्हणून."

साहेबांनी तोंडावर हात ठेवला. नंतर तुटक हिंदी-इंग्रजीत म्हणाले, की एल पिकताना वायू सोडते. तो जड असतो, जमिनीवर साचतो. नळी त्याच्यासाठी होती. "मी तुला फक्त वासाचं सांगितलं. कामगाराला एवढं पुरे, असं वाटलं मला. आणि दोन दिवस त्या दारावरून जातोय. डोक्यात नुसतं क्षेपणास्त्र. पिंपं मी चढवलीत, टुका. मी."

कादिर सगळं ऐकत होता. त्यानं तुकारामाकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं.

"म्हणजे लढाईनं नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एक थेंब न पिता मला दारूनं मारलं असतंत."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, म्हणून तर नाहीच.

"घरी काय कळवणार होतास, मेस्त्री? साबिराला? कुठल्या खोलीत सापडला म्हणून सांगणार होतास?"

  तुकारामाला ती तार दिसत होती, राजापूरच्या पोस्टातून निघालेली, आणि ती हातात घेणारी बाई दिसत होती. तिला कुणी विचारलं असतं, इतका नमाजी माणूस, आणि तिथं कसा? तिच्याकडं उत्तर नसतं. मरण तिनं सहन केलं असतं, पण हा प्रश्न तिच्या दाराशी आयुष्यभर बसून राहिला असता, आणि तो तिथं बसवणारा हात हा, आपलाच.

"माफ कर," एवढंच तो कसाबसा म्हणाला.

 धोका टळल्याचा, ऑल क्लिअरचा सूर वाजला. साहेब उठून आत गेले. थोड्या वेळानं मोरीतून पाणी वाहिल्याचा आवाज येऊ लागला, आणि भाजलेल्या धान्याचा तो वास अंगणभर पसरला. चारी पिंपं ते ओतत होते. मोकळ्या हातांनी बाहेर आले, तेव्हा डोळे लाल होते; ते वायूनं, की कशानं, ते कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात भोंगा पुन्हा सुरू झाला.

शेजारच्या बंगल्यांतून दारं आपटली, टेप ओढल्याचे चरचर आवाज आले. साहेब आपल्या मोडक्या दाराकडं बघत उभे राहिले आणि तिथंच पायरीवर बसले. तुकारामानं कादिरला उठवायला हात पुढं केला.

"आठ नंबरला जाऊ. तिथली खोली..."

"तूच बंद केलीस ना ती?"

"मीच."

"मग नको." कादिर उठला नाही. पण पुढं आलेला हात त्यानं धरला आणि सोडलाही नाही. "इथंच बस. खोकला आला तर पाठ चोळ."

तुकाराम त्याच्या मागं बसला. वर काहीतरी फुटलं, खजुरांच्या झावळ्या क्षणभर पांढऱ्या झाल्या. त्यानं मान वर केली नाही. त्याचा तळवा कादिरच्या पाठीवर होता. पाठ वर येई, खाली जाई. वर येई.