देशभर एकच इशारा

राष्ट्रीय युवा स्वयंसेवा समन्वय परिषदेत एक गोष्ट मात्र अगदी बिनचूक व्हायची. अध्यक्षांनी "मग, स्वतःहून कोण पुढे येतंय?" असं विचारलं, की टेबलाभोवतीच्या सगळ्या माना एकदम खाली. कुणी चष्मा पुसायला घ्यायचं, कुणाला कपातल्या चहात काहीतरी दिसायचं. देशभरातल्या तरुण पोरांना सेवेला बोलावणारी ही मंडळी, आणि आजवर इथल्या एकानं आपणहून खिडकी जरी उघडली असेल तर शपथ!

त्या दिवशी प्रश्न होता पहिल्या राष्ट्रीय तुकडीच्या संयोजकाचा. मुलं-मुली वर्षभरासाठी दूरदूरच्या गावी जाणार होती, शनिवारी निघायची होती, आणि संयोजक नसेल तर तुकडी हलणार नाही असा नियम होता. नियम परिषदेच्या सचिवसाहेबांनीच केलेला, आणि तुकडीत त्यांची मुलगी होती.

एकुलती एक, आईविना वाढवलेली पोर. तिनं अर्ज केला तेव्हा साहेबांना तो फाडूनच टाकावासा वाटला. पण नको म्हणायचं कुठल्या तोंडानं? उभी नोकरी लोकांच्या पोरांना "घराबाहेर पडा" म्हणून भाषणं ठोकण्यात गेलेली. ते घरी "वा, वा" म्हणाले आणि मनातल्या मनात सगळा भार परिषदेवर टाकून मोकळे झाले. परिषद एखादं काम वेळेत करून टाकेल, अशी भीती आजवर कुणालाच वाटली नव्हती.

परिषदेनंही त्यांना निराश केलं नाही. "माझी कंबर धरलीय," शिक्षण खात्याचे साहेब विव्हळले. क्रीडा खात्याच्या बाई म्हणाल्या, मुलं गावोगाव शिकवायला जाणार, म्हणजे हे काम शिक्षण खात्याचंच. त्याबरोबर शिक्षण खात्याचे साहेब कंबरबिंबर विसरून ताडकन उठले. पोरांना मैदानातून गाडीत बसवायचं, म्हणजे काम क्रीडा खात्याचं, असं ठणकावलं आणि पुन्हा कंबर धरून खाली बसले.

"मग पुढच्या तिमाहीत बघू," अध्यक्ष म्हणाले. "तुकडी थांबू दे. काय सचिव?"

झालं! हवं ते आयतं पदरात पडत होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. आणि नेमकं तेव्हाच साहेबांना सकाळचं आठवलं. पोर त्यांना वॉशिंग मशीन शिकवत होती. साबण कुठे घालायचा ते पुन्हा एकदा दाखवता दाखवता म्हणाली, "बाबा, सगळे म्हणतात परिषद ऐन वेळी घोळ घालणार. मी म्हटलं, छे! माझे बाबा आहेत तिथं."

मेलं ते वॉशिंग मशीन! साहेबांचा हात वर गेला. "मी होतो संयोजक," असं आपण म्हणालो हे त्यांना टाळ्या पडल्यावर कळलं. परिषदेत इतका झटपट ठराव कधी झाला नव्हता.

शनिवारी मैदानात बस उभी राहिली. आता समन्वय म्हणजे समन्वय! साहेबांनी पूर्वीच लिहून ठेवलं होतं, की सगळ्या शहरांतल्या बसगाड्या एकाच वेळी, राष्ट्रीय संयोजकानं हिरवा झेंडा हलवल्यावरच सुटायच्या. नातेवाईक मात्र फाटकाबाहेर, कारण रडारडीनं गाड्यांना उशीर होतो. अध्यक्ष कानाला फोन लावून शेजारी उभे होते.

खिडकीत पोर, साहेबांच्या हातात झेंडा. आणि झेंडा काही वर जाईना.

"अहो सचिव, हलवा की!" अध्यक्ष कुजबुजले. "उत्तरेकडचे विचारतायत काय झालं म्हणून." थोड्या वेळानं, "किनाऱ्यावरचा ड्रायव्हर कंटाळून चहाला गेला हो." मग घाम पुसत फोनमध्ये, "जरा तांत्रिक अडचण आहे, थांबा." अख्ख्या देशाच्या गाड्या एका बापापायी खोळंबल्या होत्या, आणि बाप ओठ घट्ट मिटून खांबासारखा उभा होता.

शेवटी पोरीनं खिडकीतून मान बाहेर काढली. तिचेही डोळे भरलेले होते.

"बाबा, झेंडा राहू दे. मी शाळेत जाताना टाटा करायचात ना, तेवढाच करा."

तेवढं जमण्यासारखं होतं. साहेबांनी हात वर केला आणि जोरजोरात हलवला. हातात झेंडा आहे हे ते पार विसरले होते.

"सोडा, सोडा गाड्या!" अध्यक्ष फोनमध्ये ओरडले.

गाडी वळणाआड गेली, अध्यक्ष फोटोसाठी पळाले, तरी साहेब हात हलवतच होते आणि डोळ्यांना धार लागली होती. फाटकावरचा नवा पहारेकरी धावत आला.

"ओ काका, इथं काय करताय? नातेवाईकांनी फाटकाबाहेर थांबायचं. नियम आहे."

"हो हो, चुकलंच माझं," साहेब म्हणाले. त्यांनी झेंडा त्याच्या हातात दिला आणि निमूट बाहेर जाऊन आईबापांच्या घोळक्यात उभे राहिले. डोळे पुसणाऱ्या एका बाईनं सरकून त्यांना जागा करून दिली.

"तुमचं कोण होतं हो गाडीत?"

"मुलगी," साहेब म्हणाले, आणि मग त्यांनी हुंदका आवरला नाही.