राखेची दिशा

"आज परत माझ्या मोहावर राख," सीताबाई कुडाआडून पुटपुटली, शेजारच्या धाकलीला ऐकू जाईल एवढ्याच हळू. "लग्न माझ्या पोरीचं, आन फुलं हिच्या चुलीनं माखलेली."

धाकली रिकामं घमेलं घेऊन आत गेली. अंबाडी गावाच्या अलीकडं त्यांचा पाडा. राख, शेण, फुटकी मडकी टाकायची दोघींची जागा एकच, जांभळाखाली. शिमग्याआधी तिथला उकिरडा भाताच्या रोपांचा राब भाजायला शेतात नेला, जागा अंगणासारखी साफ झाली. आणि नेमक्या तेव्हाच पुण्याहून माधवी मॅडम धाकलीकडं उतरल्या. सावली बघून त्यांनी प्लास्टिकची खुर्ची टाकली ती तिथंच.

मॅडमचं काम असं, की हजारो वर्षांपूर्वीची माणसं कशी जगली हे त्यांच्या उकिरड्यांवरून ओळखायचं. आणि ते नीट जमावं म्हणून आजची माणसं कचरा कुठं टाकतात ते बघत बसायचं. बसण्यात मात्र मॅडम पक्क्या. जेवणही खुर्चीतच.

बसल्या पाहुण्याला ऊठ म्हणायची पाड्यात रीत नाही. मग धाकली राख उगवतीला टाकू लागली. बाकी दोन्हीकडं वाट आणि विहीर. उगवतीला सीताबाईचं अंगण, तिथं लग्नासाठी वाळत घातलेली मोहाची फुलं, आणि वारा कुणाचा सगा नाही.

मॅडमनी नकाशा काढला. सगळे बाण उगवतीला. त्यांनी धाकलीच्या नवऱ्याला, सावळ्याला, विचारलं, "काका, राख पूर्वेलाच का? सूर्याशी काही संबंध?"

सावळ्यानं खुर्चीकडं बघितलं, मग आभाळाकडं. "असंल."

"पूर्वजांपासून?"

"तवाबी ऊन तिकडनंच येत व्हतं."

मॅडम इतक्या खूश, की तिथूनच हाक मारून म्हणाल्या, "धाकलीताई, मी आता पावसापर्यंत इथंच बसणार!"

धाकलीच्या हातातलं राखेचं घमेलं तिथंच थांबलं. कुडापलीकडून सीताबाई सूप घेऊन तरातरा आली. सुपात करडी पडलेली फुलं.

"धाकले, लग्नाला येऊ नको तू. समजलं?"

धाकलीनं मान खाली घातली. दोघींनी मिळून किती लावण्या केल्या, किती पोरींना हळद लावली. तरी ती खुर्चीकडं बोट दाखवेना. सीताबाईनं तिचं तोंड बघितलं, मग खुर्ची बघितली, आणि सूप खाली ठेवलं.

"पाहुणी हिच्या घरची हाय, माझ्या न्हाय," ती म्हणाली. "म्हणून मी बोलते. बाय, ऊठ. तू आमच्या उकिरड्यावर बसलीस."